जुनं जमा, मग नवं

हळद शिजायला लागली की मला कंपायलर आठवतो. इतरांना त्या वासानं लग्नं आठवत असतील, आजारपणातलं दूध आठवत असेल, माझं मात्र हे असं आहे. साताऱ्यात आमच्या घरामागं रस्ता ओलांडला की अजून शेती आहे. फेब्रुवारी सरत आला की तिथं हळद शिजवायच्या मोठ्या काहिली चढतात, ओल्या मातीचा आणि उकळत्या मुळांचा तो जड, गरम वास खिडकीतून आत येतो आणि मी हातातलं काम बाजूला ठेवते. परवा असाच वास आला आणि त्याच वेळी फोननं विचारलं, नवी आवृत्ती आली आहे, घालू का? मी घाल म्हटलं, चहा टाकला, चहा उतेपर्यंत फोन नवा होऊन बसला होता. त्यात काय बदललं ते मला कळलं नाही. विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं नसतं. घरातल्या घरात कुणी तरी भिंती हलवून जावं आणि आपण नुसतं बरं म्हणावं, असली ही सुधारणा.

एके काळी मी असलं काही खपवून घेत नव्हते. माझ्या कॉम्प्युटरमध्ये काय आहे, कुठून आलं आणि कुणाच्या जिवावर उभं आहे हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं, कारण ते सगळं मी स्वतः रांधलं होतं.

ती नव्वदच्या दशकाची अखेरची वर्षं. कराडला इंजिनिअरिंग करून मी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागले होते. बरोबरीच्या मुली पुण्याला गेल्या, मुंबईला गेल्या. मी सांगलीत खोली घेतली आणि लूनावरून कुपवाडला जायला लागले. कारखाना आप्पांचा. आप्पा माझ्या वडिलांचे मित्र, जैन शेतकरी घरातले. घरची हळद होती आणि हळदीला लागणारी यंत्रंही आपणच करावीत म्हणून त्यांनी शेड टाकली होती. आमच्याकडं हळदीचे पॉलिशचे ड्रम व्हायचे. शिजवून वाळवलेली हळकुंडं त्या लोखंडी ड्रममध्ये घालून फिरवली की एकमेकांवर घासून त्यांची साल जाते आणि खरा रंग वर येतो. हंगाम सुरू झाला की दारात शेतकऱ्यांची रांग लागायची, आणि ज्याला त्याला ड्रम कालच हवा असायचा.

या ड्रमच्या पत्र्यांवर आखणी करायचे ते नाना. मूळचे आटपाडीकडचे, उंच, कोरडे, कमी बोलणारे. कापायच्या आधी पत्र्यावर वर्तुळं, भोकं, घड्या सगळं खडूनं आणि सुईनं आखावं लागतं, आणि नानांनी आखलेला पत्रा कधी वाया गेला नाही अशी ख्याती होती. शिवाय स्टोअरची किल्लीही त्यांच्याकडंच. पण मी गेले त्या वर्षी नानांच्या डोळ्यांना काचबिंदू निघाला. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेली ती नजर येणार नाही, आहे ती जपा. नानांना समोरचं दिसायचं, पण कडेचं विझत चाललं होतं. समोर ठेवलेली सुई दिसायची, पत्र्याची कड दिसायची नाही. मोठ्या पत्र्यावर दोनदा वर्तुळ कडेबाहेर गेलं. कुणी काही बोललं नाही, आणि तेच नानांना जास्त लागलं.

आप्पांनी मला बाजूला बोलावलं. "अंजू, नानास्नी घरी बस म्हणायची माझी छाती न्हाई. पन हंगामात पत्रं वाया घालवून बी चालायचं न्हाई. तू शिकलीयास, काय तरी काढ. ह्या हंगामात जमलं तर नाना खुर्चीवर. न्हाई जमलं तर मग मला बोलावंच लागंल."

मी म्हटलं, जमेल. अंदाजानं म्हटलं नव्हतं, खरंच जमणार होतं. त्या वयात मला स्वतःबद्दल शंका फार कमी यायच्या आणि ज्या यायच्या त्या सहसा चुकीच्या ठरायच्या.

मी आखणीचं यंत्र केलं. पत्र्याच्या दोन बाजूंना रूळ, त्यावर सरकणारा आडवा दांडा, दांड्यावर खडूची पेन्सिल, आणि ते हलवायला दोन मोटारी. मोटारींना हुकूम देणारा एक जुना कॉम्प्युटर, पुण्याच्या कुठल्या तरी ऑफिसनं टाकून दिलेला. नानांनी खुर्चीवर बसून मापं सांगायची, यंत्रानं आखायचं. पडदा समोरच असतो. नानांच्या नजरेचं जे गोल उरलं होतं त्यात पडदा बरोबर मावत होता. मी त्यावरची अक्षरं बोटभर मोठी करून ठेवली.

अडचण कॉम्प्युटरच्या पोटाची होती. कॉम्प्युटर चालवणारी, बाजारात मिळणारी तयार प्रणाली त्याच्या इवल्याशा मेमरीत बसेना, बसली तरी मोटारींना वेळेवर हुकूम देईना. मग मी लिनक्स या फुकट मिळणाऱ्या प्रणालीचा मूळ मजकूर कराडच्या कॉलेजातून फ्लॉप्यांवर उतरवून आणला. एसटीत मांडीवर फ्लॉप्यांचा डबा धरून मी बसायचे, शेजारची बाई विचारायची, "पेढं हायती काय?" आणि त्या मजकुरातून आम्हाला लागेल तेवढंच निवडून मी आमच्या यंत्रापुरती प्रणाली स्वतः कंपाइल केली. आवाज नको, रंगीत चित्रं नकोत, नेटवर्क नको. दुकानातून आणलेला सदरा आणि माप देऊन शिवलेला सदरा यात जो फरक असतो तोच.

कंपाइल करणं म्हणजे काय हे आज सांगायला बसलं तर लोक जांभया देतात. माणसानं लिहिलेला मजकूर यंत्राच्या भाषेत उतरवायचा, एवढंच ते. पण त्या कॉम्प्युटरवर ते सकाळी लावलं की दिवस जायचा. पडद्यावर ओळी सरकत राहायच्या, डिस्क आतल्या आत कुरकुरायची, बाहेर वेल्डिंगचा उजेड, ग्राइंडरची किंचाळी, आणि वाऱ्याची झुळूक आली की लांबच्या शेतातल्या काहिलींचा तो वास. वीज गेली तर पुन्हा सुरू केल्यावर झालेलं सोडून पुढचं करण्याइतकी अक्कल त्या व्यवस्थेला होती. आमच्या भागात ज्याला एवढी अक्कल आहे ते यंत्र असो की माणूस, टिकतं.

त्यातली सगळ्यात गमतीची गोष्ट कंपायलरची, म्हणजे हे उतरवायचं काम करणाऱ्या प्रोग्रॅमची. नवा कंपायलर तयार करायचा तर तो जुन्या कंपायलरनंच करावा लागतो. विरजणासारखं आहे. कालचं चमचाभर दही नसेल तर आजचं दही लागत नाही, मग दूध कितीही चांगलं असो. मी हे नानांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग पयलं दही कुणी लावलं म्हनायचं?" उत्तर मला नंतर वाचून कळलं, सांगितलंही, पण त्यांचा प्रश्नच जास्त चांगला होता.

प्रोग्रॅम ठेवायची माझी एक पद्धत होती. प्रत्येकाला स्वतंत्र खोली, त्याचं सगळं सामान तिथंच. बाहेरच्या सामाईक दिवाणखान्यात फक्त नावाच्या पाट्या, कोण कुठं आहे हे सांगणाऱ्या. नवी आवृत्ती आली की तिला नवी खोली, मग पाटी फिरवायची. जुनी खोली काही दिवस तशीच राहू द्यायची. न पटल्यास पाटी परत. आज जे मोठमोठ्या नावांनी आपोआप होतं ते मी हातानं करत होते, आणि माझ्या मते जास्त नीट करत होते. नानांना ही रचना फार आवडली. त्यांचं स्टोअर तसंच होतं, बेअरिंगचा कप्पा वेगळा, बेल्टचा वेगळा. ते रोज माझ्या शेजारी बसून बघायचे. फाईल इकडची तिकडं न्यायचा हुकूम, नक्कल करायचा हुकूम, यादी दाखवायचा हुकूम, सगळं त्यांनी नजरेनं उचललं. इंग्रजी अक्षरं त्यांना सुट्या भागांच्या नंबरांमुळं येतच होती.

नानांच्या स्टोअरचा एक नियम होता. अख्ख्या वसाहतीत बहुतेक स्टोअरचा असतोच, पण नाना तो मोडू देत नसत. जुनं जमा, मग नवं. फाटका हातमोजा आणून द्या, नवा घ्या. झिजलेलं बेअरिंग टेबलावर ठेवा, मग खोक्यातलं निघेल. खुद्द आप्पा एकदा मापाचा नवा टेप मागायला आले तर नानांनी विचारलं, "जुना कुठाय?" आप्पा परत जाऊन गाडीच्या सीटखालून तुटका टेप शोधून घेऊन आले. या एका नियमानं कारखान्यात चोरी नव्हती, हरवाहरवी नव्हती. मला तो नियम मनापासून आवडायचा, अजून आवडतो.

हंगाम ऐन भरात असताना मी सगळ्यात मोठी सुधारणा काढली. प्रणालीत एक लायब्ररी असते. पुस्तकांची नव्हे, सगळ्या प्रोग्रॅमना सामाईक लागणारी कामं करणारी एक मोठी फाईल. वाचणं, लिहिणं, मोजणं, काहीही करायचं तरी प्रत्येक प्रोग्रॅम तिच्याकडंच हात पसरतो. तिची नवी आवृत्ती आली होती, तिच्यामुळं आखणी जास्त वेगानं होणार होती. कंपाइल लावलं, आणि आईचा निरोप होता म्हणून साताऱ्याला गेले. नानांना सांगितलं, हे आपलं आपण संपेल, नुसतं लक्ष असू द्या.

परत आले ती थेट एसटी स्टँडवरून कुपवाडला. शेडमध्ये शिरताना ग्राइंडरचा आवाज येईना. ऐन हंगामात, भर सकाळी. सगळी माणसं आमच्या कोपऱ्यात गोळा झाली होती, आप्पा कमरेवर हात ठेवून उभे, आणि नाना भिंतीवरच्या मेन स्विचला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभे होते.

मला बघून सगळे एकदम बोलायला लागले. आप्पांनी हातानं थांबवलं आणि म्हणाले, "अंजू, ह्ये यंत्र काय बी ऐकंना झालंय. आमी म्हनतोय बंद करून चालू करू, तर ह्यो मानूस स्विचला हात लावू दीना."

"का नाना?"

"ताई, तुमीच सांगिटलंय, हुकूम दिल्याबिगर बंद करायचं न्हाई. आनि बंद व्हायचा हुकूम त्ये ऐकंना. मग म्या कसं करू देऊ?" त्यांचा आवाज खाली गेला. "चूक माजी हाय. त्ये नवं तयार झालं. मला वाटलं, तुमी यायच्या आत बसवून ठिवावं. म्हनून जुनं आदी जमा केलं. मग नव्याला हात घातला, तर कायबी चालंना."

मी पडद्याकडं पाहिलं आणि मला सगळं कळलं. नानांनी स्टोअरचा नियम पाळला होता. नवी लायब्ररी बसवण्याआधी जुनी जागेवरून काढली होती. ती निघाली त्या क्षणी कॉम्प्युटरमधला जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम अपंग झाला, नक्कल करायचा हुकूम धरून. नवी लायब्ररी तयार होती, पण तिला उचलून जागेवर ठेवायला हातच उरला नव्हता. अशी चूक पुण्यातल्या एखाद्या मुलानं केली नसती. त्यानं आळसानं जुनं तसंच राहू दिलं असतं. ही चूक करायला आयुष्यभर शिस्तीनं स्टोअर सांभाळलेला माणूसच लागतो.

आप्पा म्हणाले, "दुपारनं लाईन बंद ऱ्हानार हाय, वायरमन सांगून गेलाय. आता काय ते बोल. पंधरा गिऱ्हाईकं खोळंबल्यात." आणि मग नानांकडं न बघता, हळू, "माज्याबी हातात किती ऱ्हानार, नाना?"

ते वाक्य मला फार टोचलं. नानांनी मान खाली घातली नाही, स्विचही सोडला नाही. त्या माणसाची रोजीची जागा, त्याचा शब्द, त्याची किल्ली, सगळं त्या पडद्यावर अडकलं होतं. वीज गेली असती तर हा कॉम्प्युटर पुन्हा उठलाच नसता. फ्लॉपीचा ड्राइव्ह त्याच महिन्यात ग्राइंडिंगची धूळ खाऊन मेला होता. पुन्हा पहिल्यापासून कराड, पुन्हा आठवड्यांचं कंपाइल करणं, आणि तोवर हंगाम संपून हळद बाजारात.

मला भीती वाटली का? खरं सांगते, नाही. राग आला, तोही वायरमनचा. बाकी मला आनंद होत होता, आणि तो लपवायला मी चेहरा कडक केला. कारण नानांनी वीज जाऊ दिली नव्हती. पडद्यावर माझे हुकूम ऐकणारा जो प्रोग्रॅम होता तो आधीच मेमरीत चढून बसलेला होता. त्याला लायब्ररी पुन्हा उघडायची गरज नव्हती. तो जिवंत होता. शिवाय ही प्रणाली मी रांधलेली होती. तिच्यात मी मुद्दाम एक छोटासा प्रोग्रॅम ठेवला होता, जो कुणाकडं हात पसरत नाही. स्वतःची भाकरी स्वतःच्या फडक्यात बांधून फिरतो. त्याला एकच काम येतं, पाटी लावायचं. इथून तिथं, एवढंच.

"नाना, जुनं कुठं जमा केलंत?"

"जुनं नावाची खोली केली तुमच्या खोल्यांसारकी. तितं हाय. टाकतोय कशाला? जमा केल्यालं टाकत न्हाईत."

टाकत नाहीत. मी खुर्चीत बसले. एक ओळ लिहिली: त्या खोलीतल्या जुन्या लायब्ररीची पाटी तिच्या मूळ जागी लाव. एंटर दाबलं. पडद्यानं काही म्हटलं नाही, आणि या प्रणालीत काही न म्हणणं म्हणजेच झालं. यादीचा हुकूम दिला. सगळी नावं सरसर खाली आली. मागं कुणी तरी श्वास सोडला. मग नवी लायब्ररी मूळ जागेच्या शेजारी नेऊन ठेवली, पाटी तिच्याकडं फिरवली, आणि जुनी नानांच्या खोलीतच राहू दिली. आखणीचं यंत्र चालू केलं. दांडा रुळावरून सरकला, पहिल्यापेक्षा वेगानं.

नाना अजून स्विचपाशीच होते. मी म्हटलं, आता सोडा, तेव्हा त्यांनी हात खाली घेतले आणि खांदे चोळले.

पुष्कळ वर्षं मी या धंद्यात काढली. मोठ्या कंपन्यांचे मोठे कॉम्प्युटर सुधारले, काही पाडलेही. एक गोष्ट मात्र कुपवाडलाच पक्की झाली. लोक नव्याच्या मागं इतके लागतात की कोण कुणाच्या आधारानं उभा आहे हे बघायचं राहून जातं. आणि बघणारे नेमके ते असतात ज्यांना आपण आता जुने झाले म्हणून घरी बसवायला निघालेलो असतो. हे मी उपदेश म्हणून सांगत नाही. मी स्वतः आता त्या वयाला येत चालले आहे, म्हणून जरा जोरात सांगते इतकंच.

त्या सकाळी आप्पांनी विचारलं, "मग हितून म्होरं ह्या यंत्राला हात कुनी लावायचा?" प्रश्न मला होता, पण ऐकत सगळे होते.

मी म्हटलं, "नानांनी. नियम त्यांचाच ठेवायचा, फक्त क्रम यंत्राचा. नवं शेजारी ठेवायचं, चाललं की जुनं जमा. ते मी आजच एका हुकुमात बांधून देते. आणि आज यंत्र वाचलं ते नानांनी स्विच सोडला नाही म्हणून. मी नुसती एक ओळ लिहिली."

आप्पांनी सरकत्या दांड्याकडं पाहिलं. "बरं," ते म्हणाले, आणि गिऱ्हाइकांकडं गेले. आप्पांचं बरं पक्कं असायचं.

माणसं पांगली. नाना खुर्चीपाशी आले, पण बसेनात. म्हणाले, "ताई, एक मागू? ह्यात सगळं तुमच्या नावानं चालतंय. तुमी उगडून ठिवता, मी बसतो. मला माज्या नावानं बसू द्या. उद्या चुकलं तर कुनी चुकवलं ते दिसाया पायजे."

मी त्यांच्या नावाचं खातं उघडलं. नाव त्यांनी स्वतः टाइप केलं, एकेक अक्षर, बोटभर मोठं. मग यंत्रानं परवलीचा शब्द विचारला. मी तोंड दुसरीकडं केलं. कळांचा आवाज आला, आणि मग थांबला. मी वळून पाहिलं तर नाना पडद्याच्या अगदी जवळ झुकले होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता. सकाळपासून पहिल्यांदा.

"ताई," ते अगदी हळू म्हणाले, "मी दाबतोय, पन मला अक्षरं दिसंनात. आता समोरचं बी ग्येलं वाटतं."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "नाना, तो शब्द यंत्र कुणालाच दाखवत नाही. मलाही दिसत नाही. तो ज्याचा त्यानं न बघताच लिहायचा असतो."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, खरं बोलते आहे का ते बघायला. मग पाठ सरळ केली, डोळे चक्क मिटून घेतले आणि उरलेली अक्षरं सावकाश दाबली. यंत्रानं एकदा पुन्हा विचारलं, त्यांनी तसंच पुन्हा लिहिलं. डोळे उघडले तेव्हा ओळीच्या सुरुवातीला त्यांचं नाव होतं आणि पुढं कर्सर लुकलुकत होता. नानांनी खुर्ची पुढं ओढली आणि शेडकडं तोंड करून पहिला पत्रा आणायला सांगितलं.